कारल्याच्या वाटेनं मोक्ष

आमच्या लोहाऱ्यात कुणाला दुखणं लागलं की भेटायला दोन प्रकारची माणसं येतात. पहिली औषध सांगतात, दुसरी अध्यात्म. औषधवाली परवडली, कारण ती चहा घेऊन अर्ध्या तासात उठतात. अध्यात्मवाल्यांना घड्याळ नसतं. ‘कडू दिवसातच खरा गोडवा लपला राह्यते भाऊ, फक्त शोधता आला पाह्यजे,’ असं म्हणत ती ताटं मांडेपर्यंत बसून राहतात. मला साखरेची बिमारी निघाली तेव्हा आमच्या ओसरीवर दोन्ही प्रकारांची एवढी गर्दी झाली, की रस्त्यानं चाललेल्या एका गृहस्थांनी चपला काढून आत येत हळूच विचारलं, “किती वाजता काढून रायले?”

लोहारा म्हणजे यवतमाळला दारव्हा रस्त्यानं चिकटलेलं आमचं गाव. धाराशिवकडचं लोहारा वेगळं, तो तालुका आहे, त्याचा रुबाब वेगळा. आमच्याकडे एमआयडीसी आहे, कमलेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे, आणि त्या दिवाळीनंतर माझी साखर होती.

रिपोर्ट आला तो असा : उपाशीपोटी १८६, एचबीएवनसी ९.१. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आणि एचबीएवनसी ६.५ किंवा त्याहून जास्त निघालं की मधुमेह, एवढं तोवर मला व्हॉट्सअ‍ॅपनं शिकवलं होतं. हा एचबीएवनसी म्हणजे प्रयोगशाळेतला चित्रगुप्त. तांबड्या रक्तपेशी तीन-चार महिने जगतात, आणि तेवढ्या काळात रक्तातून किती साखर फिरली याचा हिशेब अंगावर बाळगतात. तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून त्याला फसवता येत नाही. मी केला होता.

डॉक्टरांनी विचारलं, “गोड खाता का?”

“नाही, विशेष नाही,” मी म्हणालो.

बायको शेजारच्या खुर्चीवर होती. ती काही बोलली नाही, तिनं फक्त छताकडे पाहिलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : गोड – भरपूर.

घरी आल्यावर मी अध्यात्मवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे गोडवा शोधायला लागलो आणि पहिला सापडलाही. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चची मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या हिशेबानं देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींवर लोक उंबरठ्यावर उभे आहेत. म्हणजे मी एकटा नव्हतो. हे मी बायकोला मोठ्या उमेदीनं सांगितलं. ती म्हणाली, “त्याइचं सोडा. त्या १० कोटीत दिवाईचे अनारसे रात्री उठून खानारे किती, ते पाहा.”

हिशेब करायला बसलो तेव्हा ध्यानात आलं, की रिपोर्ट हाती पडला तो दिवस १४ नोव्हेंबर. आपल्याकडे तो बालदिन. जगात तोच मधुमेह दिन, कारण १९२१ साली इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचा तो वाढदिवस. एकाच दिवशी सकाळी पोरांना चॉकलेटं वाटायची आणि संध्याकाळी मोठ्यांना चॉकलेटं खाऊ नका म्हणून सांगायचं, हे वेळापत्रक कुणी बसवलं देव जाणे. शेजारची चिमुरडी बालदिनाचं चॉकलेट मला द्यायला आली. मी ते घेतलं नाही. तिच्यादेखत तरी घेतलं नाही.

मग कडू सुरू झालं. कारल्याचा रस, रात्रभर भिजवलेली मेथी, किराईत, गुळवेल, जांभळाच्या बियांची पूड, कडुनिंबाचा पाला. लोहाऱ्यातल्या प्रत्येक घराकडे एक कडू वस्तू होती आणि प्रत्येक घराला ती माझ्या पोटात गेलेली पाहायची होती. मी वाचलं, की माणसाकडे कडू ओळखणारे संवेदक पंचवीसेक प्रकारचे असतात आणि गोड ओळखणारा एकच. रानातली विषं बहुतेक कडू, म्हणून निसर्गानं तिकडं पहारेकरी वाढवले आणि गोडाचा दरवाजा सताड उघडा ठेवला. पहिल्या सकाळी कारल्याचा पेला तोंडाला लावला तेव्हा ते पंचवीसच्या पंचवीस पहारेकरी एकदम उठून बोंबलले. मी अंगणात, तुळशीपाशी, खाली बसलो. कोपऱ्यावरच्या काकू धावत आल्या. त्यांना वाटलं हार्टअटॅक आला.

एवढं कडू रोज प्यायचंच आहे, तर त्यातून मोक्ष तरी पदरात पाडून घ्यावा, असा विचार त्याच सकाळी तुळशीपाशी बसल्या बसल्या मनात आला. ओसरीवरच्या मंडळींनी सांगितलंच होतं : भाऊ, आता जरा देवाधर्माकडे लागा. लागलो. आणि लागल्यावर कळलं, की विदर्भात देवाकडे जाणारा एकही रस्ता साखरेवाचून जात नाही.

सुरुवात पोथीनं केली. दासगणूंचा ‘श्रीगजानन विजय’, २१ अध्याय, आमच्या भागात घरोघरी. शेगावला २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडले ते उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. अन्नाला ब्रह्म मानणाऱ्या पुरुषाची ती ओळख. मी तो प्रसंग वाचताना त्या पत्रावळींवर मुळात काय काय वाढलं असेल, याचा अंदाज बांधत होतो. पुढे चंदू मुकीनची कथा आली. त्याच्या घरी उतरंडीत दोन कान्हवले राहून गेले होते. घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हते, आणि महाराजांनी नेमके तेच मागितले. वाचता वाचता मी पोथीत बोट घातलं, ती मिटली आणि उठून आमच्या स्वयंपाकघरात डबे उघडायला लागलो. न जाणो, आमच्याकडेही काही राहून गेलं असेल. शेवटच्या डब्यात काळं मीठ निघालं. अंतर्ज्ञान महाराजांकडे होतं, माझ्याकडे फक्त भूक होती.

नंतर एका रविवारी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो. यवतमाळहून वीसेक किलोमीटर. गणपती जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. उतरताना निर्धार केला, की आजपासून प्रसादाचा पेढाही कपाळाला लावून दुसऱ्याला द्यायचा. दर्शन घेऊन वर आलो. निर्धार बहुतेक खालीच राहिला.

माघ महिन्यात गजानन महाराजांच्या प्रकट दिनाचा भंडारा आला. आमच्याकडे भंडारा म्हणजे पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी. बुंदीला पर्याय नाही. मी ठरवलं, खायचं नाही, वाढायचं. सेवा हीच साधना. गंजातून बुंदी काढून पंगतीत वाढत दुपारभर फिरलो. एकदाही हात तोंडाकडे नेला नाही. माझ्या आयुष्यातला हा एवढा एकच संयम, आणि तो पाहायला बायको तिथे नव्हती, ती भाजीच्या चुलीपाशी होती. घरी आल्यावर कौतुकानं ग्लुकोमीटर काढलं. पुण्याचं काही प्रतिबिंब आकड्यात पडलं असेल असं वाटत होतं. बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर लावला, मशीननं पाच सेकंद मोजले.

४१२.

मी सोफ्यावर आडवा झालो. बायकोला म्हटलं, विम्याचे कागद लोखंडी कपाटात, लाल फाइलमध्ये आहेत. मुलाला पुण्याला फोन लाव. हात जोडून म्हटलं, महाराज, मी एक दाणा खाल्ला नाही, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे. बायकोनं माझा हात हातात घेतला. मला भरून आलं. तिनं बोट नाकापाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाली, “हात धुतले काय?”

नव्हते. बोटांवर दुपारभराचा पाक वाळला होता. साबणानं हात धुवून, पुसून, पुन्हा टोचलं तर १४८. मशीन खरंच बोललं होतं. त्यानं माझ्या रक्ताऐवजी बुंदीची साखर मोजली होती, एवढंच. डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी सांगितलं, की फळं चिरलेल्या किंवा गोड हाताळलेल्या हातांनी तपासणी केली की असे आकडे हमखास येतात आणि लोक घाबरून रात्री-बेरात्री फोन करतात. मी फोन केला नव्हता. मी फक्त इच्छापत्र सांगत होतो.

पुढचा मार्ग निवडताना सावध झालो. बिनसाखरेचा देव शोधला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना. यावलीचे हे संत, जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यात मोझरीला गुरुकुंज उभारला, खंजिरीवर भजनं गात खेडीपाडी जागी केली. त्यांच्या ग्रामगीतेत गाव झाडण्यापासून ते एकत्र बसण्यापर्यंत सगळं आहे. आमच्याकडच्या प्रार्थनेला लोक शांतपणे रांगेत बसायचे, डोळे मिटायचे, संपल्यावर घरी जायचे. प्रसाद नाही! मला परमेश्वर सापडल्याचा आनंद झाला. पहिल्या संध्याकाळी खरंच मन शांत झालं. दुसऱ्या खेपेला गेलो तर प्रार्थनेनंतर एकजण उभा राहून म्हणाला, माझ्या नातवाचं बारसं झालं, त्यानिमित्त सगळ्यांसाठी पेढे आणले आहेत. मी डोळे मिटूनच ठेवले. कुणीतरी माझ्या ओंजळीत पेढा ठेवला. मिटल्या डोळ्यांनी जे घडतं त्याला माणूस जबाबदार नसतो, असं माझं तेव्हाचं तत्त्वज्ञान होतं.

याच सुमारास मला गुडमार भेटली. यवतमाळच्या बाजारात जडीबुटी विकणाऱ्या एका बाबानं वाळलेली पानं दिली आणि सांगितलं, चावून थुंकायची, मग गोडाची वासनाच मरते. हे सोळा आणे खरं आहे. या वेलीच्या पानात असं द्रव्य असतं, की ते जिभेवरचा गोडाचा तो एकुलता एक दरवाजा काही वेळापुरता बंद करतं. पान चावून साखर तोंडात टाकली तर रेती चावल्यासारखं वाटतं. मला हा म्हणजे संन्यासाचा शॉर्टकट वाटला. लोकांना हिमालयात जाऊन जे जमत नाही, ते १० रुपयांच्या पुडीत.

पुडी घेऊन मी एका लग्नाला गेलो. पंगतीला बसण्याआधी मांडवामागे उभा राहून पानं चावली. मग जिलबी आली. एक खाल्ली. काही नाही. कुरकुरीत, गरम, पण गोड? अजिबात नाही. मी मनाशी म्हटलं, वासना मेली! खात्री करून घ्यावी म्हणून दुसरी खाल्ली. खरंच मेली होती. शास्त्रीय दृष्टीनं एका प्रयोगावर विसंबू नये म्हणून मी प्रयोग वाढवत नेले. वाढपी आग्रह करत होता, मी विरक्तपणे ‘वाढ रे बाबा, आपल्याला काय त्याचं’ म्हणत होतो. शेजारचे पाहुणे माझ्या निर्विकार चेहऱ्याकडे आदरानं पाहत होते. घरी येऊन साबणानं हात धुतले, पुसले, टोचलं. आकडा सांगत नाही. जिभेला पत्ता नव्हता, पण रक्तानं एकेक जिलबी मोजून घेतली होती. वासना मारल्यानं साखर मरत नाही.

डॉक्टरांनी मला एक गोष्ट मात्र दिली होती, आणि तिच्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. गोळ्यांमुळे कधी साखर एकदम उतरू शकते. हात थरथरले, घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच साखर खायची, म्हणून खिशात खडीसाखर ठेवायची. ठेवायचीच! डॉक्टरी हुकूम. मी ती पुडी पाकिटात आधार कार्डाशेजारी ठेवली. मग एक नवल झालं. माझी साखर रोज सकाळी नेमकी दारव्हा रस्त्यावरच्या एका जिलबीवाल्याच्या कढईसमोर उतरायला लागली. हात थरथरायचे, घाम यायचा. सोबतची मंडळी दोन-चार दिवस मला धरून बाकावर बसवायची. मग ड्रायव्हरकाकांनी सांगितलं, “याले उद्यापासून दुसऱ्या रस्त्यानं न्या.” दुसऱ्या रस्त्यानं माझी साखर कधी उतरली नाही.

ही सोबतची मंडळी म्हणजे आमचं कडू मंडळ. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका, एक मास्तर, एमआयडीसीतला एक सुपरवायझर, रात्रपाळी संपवून थेट चालायला येणारा, आणि कपाशीवाले दादा. सगळ्यांना साखर. पहाटे कमलेश्वराच्या देवळाकडे चालत जायचं, तिथं थोडं बसायचं, आपापल्या बाटलीतून कडू प्यायचं आणि आदल्या दिवशीचे आकडे एकमेकांना सांगायचे. मास्तर वहीत मांडायचे. कुणाचा आकडा चढला की त्याला काल काय खाल्लं ते कबूल करावं लागे. इतकी कडक उलटतपासणी मी कोर्टातही पाहिली नाही. सुपरवायझर एकदा म्हणाला, फक्त भात खाल्ला. ड्रायव्हरकाका म्हणाले, “भातावर काय?” तो म्हणाला, वरण. “वरणावर?” तो गप्प. “बोल ना बे, वरणावर काय होतं?” शेवटी श्रीखंड निघालं. वरणावर कसं ते आम्हाला आजही कळलेलं नाही.

दादा तेवढे बाटली आणत नसत. मी पहिल्या दिवशी त्यांना माझा कारल्याचा रस पुढे केला तेव्हा ते म्हणाले, “मले कडू पेवाले कारलं कायले लागते?”

यावर कुणी हसलं नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली होती आणि त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी, शेतमजूर गेले. दादांचं शेत त्या सालातून अजून पुरतं बाहेर आलेलं नाही. ‘कडू काळात गोडवा शोधा’ हे वाक्य मला सांगायला हरकत नाही, कारण माझा कडू काळ मी स्वतः अनारशांनी बांधला होता. ते दादांना सांगणाऱ्याच्या अंगात काय धाडस असेल, कुणास ठाऊक. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२वं मराठी साहित्य संमेलन भरलं. वादावादीत गाजलं होतं. उद्घाटन शेवटी वैशाली येडे यांनी केलं. त्यांच्या शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केली होती. एकट्या बाईला शेत आणि लेकरं सांभाळताना काय सोसावं लागतं, ते त्या साध्या शब्दांत बोलल्या. मी त्या मांडवात होतो. खरं तर खाण्याच्या स्टॉलकडे निघालो होतो, पण पाय निघेना.

असो. पाडवा आला. गुढीला कडुनिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी एकाच काठीवर बांधतात, हे मी आजवर पन्नासेक वेळा पाहिलं असेल, पण यंदा त्या काठीखाली उभा राहून मी बराच वेळ विचार केला. बायकोला वाटलं, मी गाठीकडे बघतो आहे. तेही होतंच. तिनं कोवळा पाला, गूळ, जिरं, मिरं, हिंग, चिंच, मीठ आणि भिजवलेली डाळ वाटून गोळी दिली. मी ती गिळली आणि उरलेल्या वाटणातला गूळ बोटानं बाजूला करता येतो का ते पाहिलं. येत नाही. वाटणारी बाई तयारीची होती.

आणि इथून माझी खरी आध्यात्मिक उन्नती सुरू झाली. पाडव्यानंतर काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की कारल्याचा रस मला पहिल्याइतका कडू लागत नाही. आधी वाटलं भ्रम असेल. पण दिवसेंदिवस तो सौम्य होत चालला. मग एका सकाळी पेला तोंडाला लावला आणि मी अक्षरशः थबकलो. कडू नव्हताच! गार, स्वच्छ, किंचित जिऱ्याचा वास. मी पूर्वेकडे तोंड केलं. ओसरीवरच्या अध्यात्मवाल्यांनी सांगितलेलं एकेक वाक्य आठवलं. बदलला होता तो रस नव्हे, मी. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ लोहाऱ्यात, माझ्या घरात, माझ्या बनियनमध्ये उभा होता.

हे मी मंडळात सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, पण साक्षात्कार पोटात राहत नाही. देवळाच्या ओट्यावर बसून मी समजावलं, की कडू आणि गोड हा सगळा मनाचा खेळ आहे. चित्त स्थिर झालं की जीभ भेद करायचं सोडून देते. सगळ्यांसमोर पूर्ण पेला एका दमात, डोळ्याची पापणी न हलवता प्यायलो. सुपरवायझरच्या तोंडून ‘बाप रे’ निघालं. मास्तरांनी वहीचं नवं पान उलटून वर ‘साधना’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी मंडळात तीन नवी माणसं होती. आपल्याला साखर नाही, पण चिंता आहे, असं म्हणाली. मी त्यांनाही पेला पिऊन दाखवला. एका आजोबांनी माझ्या पायाला हात लावला आणि मी लावू दिला. हे लिहिताना कानशिलं तापतात, पण लावू दिला.

साधना अशी रंगात आलेली असताना एका पहाटे ड्रायव्हरकाकांची बाटली घरी राहिली. ते म्हणाले, “दे बापा, तुझंच दोन घोट पितो. आपलं चित्त काई स्थिर नाई, पन पाहू.” तोंड वाकडं करण्याच्या तयारीनं त्यांनी डोळे मिटले आणि घोट घेतला. डोळे उघडले. दुसरा घोट घेतला. मग बाटली डोळ्यांपुढे धरली, हलवली आणि सगळ्यांकडे पाहत म्हणाले,

“काकडी हाय बे हे! वरून जिरं टाकलं हाय!”

बाटली हातोहात फिरली. नव्या आजोबांनीही चव घेतली आणि माझ्या पायांकडे असं पाहिलं, की जणू लावलेला हात परत मागत होते. मास्तरांनी ‘साधना’ शब्दावर काट मारली. शिक्षकी पेशा, पट्टी लावून मारली.

घरी येऊन मी बायकोसमोर बाटली ठेवली. ती पोळ्या लाटत होती. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. “पाडव्यापासून टाकून रायली मी काकडी,” ती म्हणाली. “आधी अर्धी टाकली. मंग वाढवली. आता कारल्याची एक फोड टाकतो रंगापुरती.”

“पण का?”

“तुमचं तोंड पाह्यवत नवतं सकाऊन सकाऊन. दहा वाजेलोक तुयशीपाशी बसून रायत होते. शेजारची काकू रोज विचारे, आज कसं हाय म्हून.”

“मग सांगायचं तरी!”

“कशी सांगू? तुमी त्या दिवशी पूर्वेकडं तोंड करून हात जोडून उभे होते.” तिनं पोळी तव्यावर टाकली. “इतके खूश मी तुमाले लग्नातबी नवतं पाह्यलं.”

तीन महिन्यांनी चित्रगुप्ताचा नवा हिशेब आला : ७.२. डॉक्टर खूश. काय केलं म्हणून विचारलं. मी घसा साफ करून अध्यात्माचा विषय काढणार होतो, तेवढ्यात बायकोची खुर्ची किंचित करकरली. मी म्हणालो, चालतो, गोळ्या घेतो, भात कमी केला. डॉक्टर म्हणाले, तेच तर, ते कारलं-बिरलं हवं तर घ्या, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडू नका. त्यानं साखर आटोक्यात येते याचा पक्का पुरावा अजून नाही. म्हणजे ज्या कडूसाठी मी तुळशीपाशी बसलो, मोक्षापर्यंत जाऊन आलो, त्या कडूशिवायही चाललं असतं. काकडीवर तर चाललंच होतं.

मंडळात माझं नाव आता काकडीबाबा पडलं आहे. सुपरवायझरची पोरगी रस्त्यात दिसली की ‘बाबा’ म्हणून हात जोडते आणि पळते. ड्रायव्हरकाकांच्या बायकोनं माझ्या बायकोला फोन करून प्रमाण विचारलं. मास्तरांच्या घरून आमच्याकडे काकड्यांची थैली आली. लोकाग्रहास्तव एक दिवस मोठी कॅन भरून नेली, काकडी, पुदिना, जिरं आणि कारल्याची एक फोड, रंगापुरती. देवळाच्या ओट्यावर स्टीलचे पेले मांडले. सगळ्यांनी घेतलं. नव्या आजोबांनीसुद्धा, माझ्यापासून थोडं लांब बसून. दादा नेहमीप्रमाणे कडेला बसले होते. मी पेला घेऊन गेलो, पण पुढे करायचं धाडस होईना. त्यांनी स्वतःच हात लांब केला, घोट घेतला, थोडं तोंडात फिरवलं.

“मीठ कमी हाय,” ते म्हणाले, आणि पेला रिकामा करून परत माझ्यापुढे धरला.